सर्वांत जुनी प्रत आधी काढावी का?

समजा तुमच्या शाळेच्या कार्यालयात पाच-सहा संगणक आहेत. एकात निकालपत्रके आहेत, दुसऱ्यात फीचा हिशेब, तिसऱ्यात स्नेहसंमेलनाची छायाचित्रे. हे सारे संगणक तारेने एका छोट्या पेटीला जोडलेले आहेत. त्या पेटीत एक मोठी डिस्क आहे आणि प्रत्येक संगणकाला ती आपलीच असल्यासारखी वापरता येते. तिला नेटवर्क ड्राइव्ह म्हणतात. रोज संध्याकाळी काम संपले, की एक प्रोग्रॅम सर्व फाइल्सची प्रत काढून त्या डिस्कवर ठेवतो. या राखीव प्रतीला म्हणतात बॅकअप.

एके दिवशी पडद्यावर सूचना येते, ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही.’ नीट पाहिल्यावर कळते, की गेले आठ दिवस एकही नवा बॅकअप झालेलाच नाही. म्हणजे या आठ दिवसांत भरलेले गुण फक्त एकाच संगणकात आहेत. तो बिघडला, तर सारे गुण पुन्हा भरायचे! जागा तर करायलाच हवी. मग डिस्कवरचे काय काढाल?

“त्यात काय विचारायचे? सर्वांत जुने असेल ते!” असे तुम्ही चटकन म्हणाल. घरातली रद्दी आपण अशीच काढतो. पण गेल्या महिन्याचे वर्तमानपत्र रद्दीत गेले, म्हणून आजचे वर्तमानपत्र वाचायचे अडत नाही. संगणकातील प्रतींचे मात्र तसे अडू शकते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी थोडे गणित करू.

डिस्क भरते कशी?

आपल्या शाळेच्या सर्व फाइल्स मिळून १५० गिगाबाइट आहेत आणि डिस्क ४ टेराबाइटची, म्हणजे ४,००० गिगाबाइटची आहे, असे धरू. रोज सगळ्या फाइल्सची पूर्ण प्रत काढली, तर ४,००० भागिले १५०, म्हणजे २६ दिवसांत डिस्क भरेल. महिनाभरही पुरणार नाही.

पण विचार करा. एका दिवसात या १५० गिगाबाइटपैकी बदलते किती? थोडे गुण भरले, चार पावत्या केल्या, काही छायाचित्रे आली. हा बदल रोज २ गिगाबाइट आहे असे समजू. मग न बदललेल्या १४८ गिगाबाइटची प्रत रोज कशाला काढायची? म्हणून बॅकअपचे अनेक प्रोग्रॅम एक युक्ती करतात. रविवारी पूर्ण प्रत काढायची आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत आदल्या दिवसानंतर जेवढे बदलले तेवढेच साठवायचे. हिला आपण फरकाची प्रत म्हणू. आता आठवड्याला लागतात १५० अधिक १२, म्हणजे १६२ गिगाबाइट. त्याच डिस्कवर आता २४ आठवडे मावतात. कुठे २६ दिवस आणि कुठे २४ आठवडे!

साखळीचा पहिला दुवा

पण या बचतीची एक किंमत आहे. गुरुवारी संध्याकाळी फाइल्स जशा होत्या तशा परत हव्या असतील, तर काय काय लागेल? रविवारची पूर्ण प्रत, तिच्यावर सोमवारचा फरक, मग मंगळवारचा, बुधवारचा आणि शेवटी गुरुवारचा. म्हणजे ही एक साखळी झाली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. या साखळीत सर्वांत जुनी प्रत कोणती? रविवारची! जागाही तीच सर्वांत जास्त अडवते. त्यामुळे घाईत असलेला माणूस नेमकी तीच काढतो. डिस्कवर १५० गिगाबाइट मोकळे होतात आणि त्याला बरे वाटते. सोमवार ते शनिवारच्या सहा प्रती जागेवर दिसतातही. पण त्या आता निरुपयोगी झालेल्या असतात. पाया काढून घेतल्यावर सहा मजले कशावर उभे राहणार?

म्हणून पहिला नियम असा, की साखळी काढायची तर ती सगळीच काढायची, आणि तीही नवी साखळी पूर्ण झाल्यानंतर. शक्य तेव्हा हे काम बॅकअपच्या प्रोग्रॅमकडूनच करून घ्यावे. कोणती प्रत कोणावर अवलंबून आहे, याची नोंद त्याच्याकडे असते. आपण हाताने फोल्डर काढू लागलो, तर ते नाते आपल्याला दिसत नाही.

एक पुस्तक, तीन कार्डे

याच्या उलट गंमतही घडते. काही प्रोग्रॅम दर दिवसाचे वेगळे फोल्डर दाखवतात. प्रत्येक फोल्डर उघडले, तर त्यात सगळ्या फाइल्स असतात. तुम्ही दहा जुनी फोल्डरे काढता आणि पाहता तर जागा जेमतेम वाढलेली! असे का?

जुन्या ग्रंथालयांतील कार्डांची कपाटे आठवा. एकाच पुस्तकाची तिथे तीन कार्डे असत, एक लेखकाच्या नावाचे, एक पुस्तकाच्या नावाचे आणि एक विषयाचे. त्यांतले एक कार्ड फाडले, म्हणून फळीवरची जागा मोकळी होत नाही. या प्रोग्रॅममध्येही न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते आणि रोजच्या फोल्डरांत तिचे केवळ कार्ड असते. शेवटचे कार्ड काढले, तरच फाइलची जागा मोकळी होते. म्हणून अमुक इतकी फोल्डरे काढली की तमुक इतकी जागा मिळेल, असा हिशेब इथे चालत नाही.

आजोबा, वडील आणि मुलगा

आता कोणत्या प्रती ठेवायच्या ते ठरवू. शेवटच्या चारच ठेवाव्यात का? बिघाड लगेच लक्षात आला, तर त्या पुरतील. पण सगळ्या चुका लगेच लक्षात येत नाहीत. जूनमध्ये एका मुलाची नोंद चुकून पुसली गेली आणि ते मार्चमध्ये कळले, तर चारही प्रतींत ती चूक जशीच्या तशी उतरलेली असेल. बॅकअप चांगल्याची प्रत काढतो, तशी चुकीचीही इमानाने काढतो.

म्हणजे जवळच्याही प्रती हव्यात आणि दूरच्याही. सगळ्या तर ठेवता येत नाहीत. यावर तोडगा आपल्या स्मरणशक्तीसारखाच आहे. काल काय काय केले ते आपल्याला तासातासाने आठवते. गेल्या महिन्यातले मोजके दिवस आठवतात. त्याआधीच्या वर्षातली दिवाळी आणि परीक्षा तेवढी आठवते. प्रतीही तशाच ठेवायच्या, जवळच्या दाट आणि दूरच्या विरळ.

या पद्धतीचे रूढ नाव मोठे घरगुती आहे, आजोबा-वडील-मुलगा. रोजची प्रत म्हणजे मुलगा, आठवड्याची म्हणजे वडील आणि महिन्याची म्हणजे आजोबा. गेल्या ७ दिवसांच्या ७, गेल्या ४ आठवड्यांच्या ४ आणि गेल्या १२ महिन्यांच्या १२, अशा एकूण २३ प्रती झाल्या. ३६५ ऐवजी २३ प्रतींत वर्षभर मागे जाता येते. या सगळ्या पूर्ण प्रती असल्या, तरी २३ गुणिले १५० म्हणजे ३,४५० गिगाबाइट होतात. आपल्या डिस्कवर त्या मावतात आणि ५५० गिगाबाइट उरतातही.

ॲपल कंपनीच्या संगणकांत २००७ पासून टाइम मशीन नावाचा प्रोग्रॅम आहे. तो याच तत्त्वावर चालतो. गेल्या २४ तासांच्या दर तासाच्या, गेल्या महिन्याच्या दर दिवसाच्या आणि त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती तो ठेवतो. डिस्क भरली, की सर्वांत जुन्या प्रती तो आपण होऊन काढतो. तिथे सर्वांत जुनी प्रत काढलेली चालते, कारण कोणत्या फाइलची गरज कुठल्या प्रतीला आहे, हे तो प्रोग्रॅम जाणतो.

क्योतोमधील सफाई

“मग सारे प्रोग्रॅमवर सोपवले, की झाले!” असे वाटेल. पण थांबा. जपानमधील क्योतो विद्यापीठात एक महासंगणक आहे. अनेक संशोधन गट त्याच्या विशाल साठ्यात आपल्या फाइल्स ठेवतात. तिथल्या बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये सफाईचे एक छोटे काम होते. दहा दिवसांहून जुन्या झालेल्या कामकाजाच्या नोंदी पुसायच्या, एवढेच. डिसेंबर २०२१ मध्ये त्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा केली गेली. नवा प्रोग्रॅम जुन्याच्या जागी ठेवला गेला, पण त्या वेळी जुना चालूच होता.

घोटाळा इथेच झाला. या जातीचा प्रोग्रॅम संगणक एकदम वाचत नाही, थोडा थोडा वाचत पुढे जातो. असे समजा, की एक माणूस कागदावरच्या सूचना ओळीने वाचून काम करतो आहे. कोणती खोली झाडायची, ते वरच्या ओळींत सांगितलेले आहे. निम्मे काम झाल्यावर कुणीतरी कागद बदलला. नव्या कागदावर खोलीसाठी वेगळेच नाव वापरलेले आहे आणि ते ज्या ओळीत समजावले आहे ती ओळ वर राहिली, त्याने वाचलीच नाही. आता त्याच्या दृष्टीने खोलीच्या नावाची जागा कोरी आहे. माणूस असता तर थांबून विचारता, “कोणती खोली?” संगणकाने विचारले नाही. नोंदींच्या फोल्डराऐवजी साठ्यातल्या संशोधकांच्या फाइल्स तो पुसू लागला.

१४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून १६ डिसेंबरच्या दुपारपर्यंत हे चालले. सुमारे ७७ टेराबाइटच्या ३ कोटी ४० लाख फाइल्स गेल्या. आपल्या शाळेच्या १९ डिस्क भरतील एवढा हा साठा! १४ संशोधन गटांना त्याची झळ लागली आणि त्यांपैकी ४ गटांच्या फाइल्स परत आणता येण्यासारख्या नव्हत्या. जो प्रोग्रॅम फाइल्स सांभाळण्यासाठी होता, त्याच्याच सफाईने हे नुकसान केले.

काढण्यापूर्वी

मग जुन्या प्रती काढायच्याच नाहीत का? काढायलाच हव्यात. नाहीतर आपल्या शाळेसारखी डिस्क गच्च भरेल आणि नवा बॅकअप मुकाट्याने बंद पडेल. फक्त काढताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. आधी यादी, मग सफाई. काय काय जाणार आहे, त्याची यादी प्रोग्रॅमकडून आधी मागवा आणि ती डोळ्यांखालून घाला. पाच फाइल्स जायच्या तिथे पाच हजार दिसल्या, तर तिथेच थांबता येते.

२. जुनी प्रत काढण्यापूर्वी नव्या प्रतीतून दोन-चार फाइल्स परत आणून उघडून पाहा. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे.

३. नेटवर्क ड्राइव्हवरून काढलेली फाइल बहुधा आपल्या संगणकाच्या कचरापेटीत जात नाही, थेट नाहीशी होते. म्हणून शंका असेल ते फोल्डर ‘काढायचे’ असे नाव देऊन महिनाभर बाजूला ठेवा.

४. सफाई चालू असताना तिचे नियम बदलू नका. आधी थांबवा, मग बदला.

५. सगळ्या प्रती एकाच डिस्कवर ठेवू नका. नेटवर्क ड्राइव्ह सतत जोडलेला असतो. त्यामुळे चुकीचा हुकूम किंवा खोडसाळ प्रोग्रॅम त्याच्यापर्यंतही पोहोचतो. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम सोपा आहे. मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी.

करून पाहा

कागदाच्या ५६ चिठ्ठ्या करा आणि त्यांवर आठ आठवड्यांच्या तारखा व वार लिहा. रविवारची चिठ्ठी लाल शाईने लिहा, ती पूर्ण प्रत. बाकीच्या निळ्या शाईने, त्या फरकाच्या प्रती. आता आजोबा-वडील-मुलगा या नियमाने चिठ्ठ्या काढू लागा. मात्र निळी चिठ्ठी ठेवायची असेल, तर तिच्या आधीच्या रविवारपर्यंतची साखळी ठेवावीच लागेल. किती चिठ्ठ्या उरतात ते मोजा. मग मित्राला त्यांतली कोणतीही एक चिठ्ठी लपवायला सांगा आणि कोणकोणते दिवस आता परत आणता येत नाहीत, ते शोधून काढा. कोणती चिठ्ठी लपवल्याने सर्वांत जास्त दिवस जातात, ते पाहा. म्हणजे लेखाच्या शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर तुम्हाला स्वतःच देता येईल.