‘या’ म्हणजे मी : एका आजीचे क्रोएशियन धडे

पाच वर्षांची नात आपल्याशी भरभरून बोलते आहे आणि तिच्या बोलण्यातला एक शब्दही आपल्याला कळत नाही, हा प्रसंग ज्या आजीवर आला असेल तिलाच त्यातली कळ समजेल. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथे स्थायिक झाले. नात तेथील बालवाडीत जाऊ लागली आणि वर्षभरातच तिची मराठी आटू लागली. दर रविवारी ती पडद्यावर येई, ‘जय जिनेंद्र, आजी’ एवढे म्हणे आणि पुढचे सारे क्रोएशियन भाषेत. सूनबाई दुभाषाचे काम करीत. परंतु दुभाषामार्फत नातीचे लाड करता येत नाहीत. तीन महिने तिकडे जाण्याचे ठरले तेव्हा मी निश्चय केला, की वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी का होईना, ही भाषा थोडी तरी शिकायची.

चिरंजिवांनी भीती घातली. “आई, फार अवघड आहे. सात विभक्त्या आहेत!” मी म्हटले, “बाळा, आम्ही शाळेत आठ पाठ केल्या होत्या. एक कमीच झाली.”

क्रोएशिया हा जेमतेम ३९ लाख वस्तीचा देश. १ जुलै २०१३ रोजी तो युरोपीय संघात गेला आणि त्याची भाषा त्या संघाची चोविसावी अधिकृत भाषा झाली. लिपी रोमन असली, तरी इंग्रजीसारखा लहरी कारभार तेथे नाही. ल्युदेवित गाय या विद्वानाने १८३० साली एक छोटी पुस्तिका काढून या लेखनपद्धतीचा पाया घातला. आज तिच्यात तीस अक्षरे आहेत, आणि जसे बोलावे तसे लिहावे हा तिचा नियम आहे. देवनागरीवर वाढलेल्या माणसाला हे घरच्यासारखेच वाटते.

उच्चारांतही मराठी माणसाला काही आयती कमाई आहे. ‘चार’ मधला ‘च’ आणि गुरांच्या ‘चारा’ मधला ‘च’ आपण नकळत वेगळे उच्चारतो. क्रोएशियन भाषेत या दोन्हींना स्वतंत्र अक्षरे आहेत. वर आणखी एक तिसरा, अधिक मृदू ‘च’ आहे. तो मला शेवटपर्यंत जमला नाही, आणि नात प्रत्येक वेळी कपाळावर हात मारून घेई.

खरी गंमत ‘ऋ’ या स्वराची. आपण ‘ऋषी’ लिहितो आणि ‘रुषी’ म्हणतो. क्रोएशियन लोकांनी मात्र ‘र’ला स्वराचा मान देऊन ठेवला आहे. तेथे ‘कृक’ नावाचे बेट आहे. बोटाला ‘पृस्त’, बागेला ‘वृत’, चौकाला ‘तृग’ म्हणतात. देशाचे नावच मुळी ‘हृवात्स्का’. रोमन लिपीत या शब्दांत कित्येकदा एकही स्वर दिसत नाही, म्हणून इंग्रज पाहुणे घाबरतात. देवनागरीत लिहिले की सारे सरळ होते. फक्त एक शब्द जपून वापरावा : ‘स्मृत’. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘आठवलेले’, तिकडे त्याचा अर्थ ‘मृत्यू’.

आता सर्वनामांकडे वळू. ‘मी’ला क्रोएशियन भाषेत ‘या’ म्हणतात. एखादा क्रोएशियन गृहस्थ दारात उभा राहून ‘या, या’ म्हणू लागला, तर तो आपले स्वागत करीत नाही, स्वतःविषयी बोलत आहे. ‘मी’ म्हणजे आम्ही. ‘ती’ म्हणजे तू. ‘तो’ म्हणजे ते. ‘आली’ म्हणजे पण. पहिल्या आठवड्यात नात मला ‘ती, ती’ म्हणू लागली, आणि ही कोणत्या बाईविषयी बोलते आहे म्हणून मी मागे वळून पाहत राहिले.

नात्यांच्या हाका हा तर मोठाच घोटाळा. तेथे ‘मामा’ म्हणजे आई. माझे बंधू पडद्यावर आले आणि मी नातीला म्हटले, “बघ, बाबांचे मामा!” तिने आधी त्यांच्या मिशांकडे पाहिले, मग स्वतःच्या आईकडे. ‘बाबा’ म्हणजे कित्येक भागांत आजी. आणि ‘काका’? हा शब्द मी एकदा उद्यानात चिरंजिवांच्या मित्राला उद्देशून मोठ्याने उच्चारला. आजूबाजूची सारी मुले खदखदून हसू लागली. सूनबाईंनी कानात सांगितले, की तिकडच्या बाळभाषेत ज्या कारणासाठी मुलाला घाईने न्हाणीघरात न्यावे लागते, त्याला ‘काका’ म्हणतात. त्या दिवसापासून त्या सद्गृहस्थांना आम्ही नुसत्या नावाने हाक मारू लागलो.

आभार मानायचे तर ‘ह्वाला’. आमचे यजमान जन्मभर व्यापारात राहिलेले, मी दुकानात चारदा ‘ह्वाला, ह्वाला’ म्हटलेले ऐकून ते दचकले आणि म्हणाले, “अहो, परमुलखात हा शब्द इतक्या मोठ्याने नका बोलू!” त्यावर दुकानदारीणबाई ‘मोलिम’ म्हणाल्या. हा शब्द फार कामाचा. ‘कृपया’, ‘आभार कसले’, ‘काय म्हणालात?’ आणि दूरध्वनीवरचे ‘हॅलो’ ही चारही कामे तो एकटा करतो. काहीच सुचले नाही तर ‘मोलिम’ म्हणावे. निम्म्या वेळा तरी ते बरोबर ठरते.

हसता हसता एक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली. ही भाषा परकी नाही, दूरच्या नात्यातली आहे. आकडे पाहा : द्वा, त्री, चेतिरी, पेत, शेस्त, सेदाम, ओसाम, देवेत, देसेत. संस्कृतचे द्वि, त्रि, चत्वारि, पञ्च, षट्, सप्त, अष्ट, नव, दश शेजारी ठेवले की चेहरेपट्टी लपत नाही. ‘कधी’ला ते ‘कादा’ म्हणतात आणि ‘तेव्हा’ला ‘तादा’. हे आपले कदा आणि तदा. नभाला ‘नेबो’, मधाला ‘मेद’, जिवंत असलेल्याला ‘झिव’. हा ‘झिव’ म्हणजे आपला ‘जीव’.

कुटुंबात शिरले तर आश्चर्य वाढते. ब्रात म्हणजे भ्राता. स्वेकार म्हणजे श्वशुर, स्वेकृवा म्हणजे श्वश्रू. संस्कृत स्नुषा आणि आपली सून ही त्यांची ‘स्नाहा’. देवर, अर्थात आपला दीर, हा ‘द्येवेर’. आणि दिराच्या बायकोला, म्हणजे जावेला, ‘येतृवा’ म्हणतात. संस्कृतातील ‘यातृ’ हाच शब्द तिकडे येतृवा झाला आणि आपल्याकडे जाऊ. इंग्रजीने काका आणि मामा यांना एकाच ‘अंकल’च्या पोत्यात भरले. क्रोएशियन भाषेत काका ‘स्त्रित्स’ आणि काकू ‘स्त्रिना’, मामा ‘उयाक’ आणि मामी ‘उयना’ असे वेगवेगळे मान आहेत. आमची शेजारीण सांगत होती, की आताच्या मुलांना यांतली निम्मी नावे ठाऊक नसतात. ते ऐकून मला आपलीच घरे आठवली.

हे नाते आपल्या भूमीवर ओळखणाऱ्यांत एक क्रोएशियन वंशाचा माणूसही होता. इवान फिलिप वेझदिन हा १७४८ साली ऑस्ट्रियातील एका क्रोएशियन कुटुंबात जन्मला. १७७६ मध्ये तो धर्मप्रसारक म्हणून मलबारात आला, तेरा वर्षे राहिला आणि तेथे संस्कृत शिकला. परतल्यावर १७९० साली त्याने रोममध्ये संस्कृतचे व्याकरण छापले. युरोपात छापलेले ते पहिले संस्कृत व्याकरण मानले जाते. पुढे संस्कृत, अवेस्ता आणि जर्मन या भाषांच्या आप्तभावावरही त्याने लिहिले. तो इकडे येऊन संस्कृत शिकला, मी तिकडे जाऊन ‘मोलिम’ शिकले. दोघांच्या यशातले अंतर सोडून द्यावे.

व्याकरणात लिंगे तीन, आपल्यासारखीच. परंतु वाटणी निराळी : आपला समुद्र पुल्लिंगी, त्यांचा ‘मोरे’ नपुंसकलिंगी, आपले घर नपुंसकलिंगी, त्यांची ‘कुचा’ स्त्रीलिंगी. भूतकाळात क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलते. ‘होतो’ला ‘बिओ साम’, ‘होते’ला ‘बिला साम’. मी चिरंजिवांचे ऐकून ऐकून शिकत होते, त्यामुळे महिनाभर बिनदिक्कत ‘बिओ साम’ म्हणत राहिले. नात एकदा जमिनीवर लोळून हसली आणि तिने मोठ्या गांभीर्याने मला स्त्री केले.

संख्येची तऱ्हा अशी : एक सफरचंद ‘याबुका’, दोन ते चारपर्यंत ‘याबुके’, आणि पाच झाली की पुन्हा ‘याबुका’. झाग्रेबच्या दोलात्स नावाच्या बाजारात लाल छत्र्यांखाली भाजी-फळे विकणाऱ्या बायका बसतात. त्यांच्यापुढे माझी फार फजिती होई. पुढे कळले, की दोन ते चारचे हे रूप जुन्या द्विवचनाचा अवशेष आहे. अर्धमागधीने जे द्विवचन कधीच टाकून दिले, त्याची सावली झाग्रेबच्या भाजीबाजारात अजून उभी आहे. तरीही सोय म्हणून मी नेहमी पाचच सफरचंदे घेऊ लागले.

विभक्त्यांनी मात्र सूड उगवला, तो जेवणाच्या ताटावर. शाकाहारी असणे तेथे पुरेसे नाही. घरोघरी वापरला जाणारा ‘वेगेता’ नावाचा मसाला भाज्यांचाच असतो. पण त्यात कांदाही असतो आणि बटाटाही. म्हणून मी एक वाक्य घोकले होते : ‘बेझ मेसा, बेझ लुका, बेझ चेश्न्याका, बेझ क्रुम्पिरा’. मांसाविना, कांद्याविना, लसणाविना, बटाट्याविना. ‘बेझ’ म्हणजे ‘विना’, आणि त्यापुढे षष्ठी येते. कांदा हा ‘लुक’, त्याची षष्ठी ‘लुका’. एवढेच सांभाळायचे होते. शेजारीणबाईंनी जेवायला बोलावले, आणि घाईत माझ्या तोंडून ‘युहा बेझ लुके’ असे निघून गेले. ‘युहा’ म्हणजे सूप. पण ‘लुके’ ही कांद्याची नव्हे, ‘लुका’ या स्त्रीलिंगी शब्दाची षष्ठी, आणि ‘लुका’ म्हणजे बंदर. मी बंदराविना सूप मागितले होते! बाई क्षणभर खिडकीबाहेर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, की झाग्रेबला समुद्रच नसल्याने येथील सर्वच सुपांत बंदर नसते. मग दोघी डोळे पुसेपर्यंत हसलो. सूप मात्र त्यांनी कांद्याविना केले होते. सूनबाईंनी आधीच सांगून ठेवले होते.

याच बाईंना पहिल्या भेटीत मी ‘काको सी?’ म्हणजे ‘कशी आहेस?’ असे विचारले होते. नातीकडून शिकलेल्या भाषेत आदरार्थी ‘काको स्ते?’ कोठून असणार! निघण्याच्या आदल्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, “आता आपण एकमेकींना ‘ती’ म्हणू या.” अहो-जाहो सोडून अगं-तुगंवर यायचे, तर तिकडे ते असे सांगून ठरवतात.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची नातवंडे आज परमुलखात वाढत आहेत. त्यांनी मराठी बोलावी असे आपण त्यांना सांगतो, ते योग्यच आहे. मी नातीशी एक करार केला. माझी एक चूक तिने सुधारायची, तिची एक मी. आजीला शिकवण्याचा मान मिळाल्याबरोबर तिची गाडी रुळावर आली. ‘बाका’ म्हणजे आजी, आणि संबोधनात ‘बाको’. सकाळी ‘बाको!’ अशी हाक येई आणि शिकवणी सुरू होई.

परत आल्याला आता चार महिने झाले. मागच्या रविवारी नात पडद्यावर आली आणि अडखळत, पण एका दमात म्हणाली, “आजी, मी काल बागेत गेलो होतो.” बाबांचे ऐकून शिकली होती. मी आधी मनसोक्त हसले. मग मोठ्या गांभीर्याने म्हटले, “गेले होते, बाळा. गेले होते.”