आजीची नोंद

परळीहून तेलगावमार्गे बीडकडे निघालं की वाटेत सिरसाळा लागतं. परळी तालुक्यातलं, भर रस्त्यावरचं, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांना जवळचं गाव. मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही गावच्या चौकात वाढदिवसाच्या आणि निवडीच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सशेजारी एखादा फ्लेक्स 'प्रथम पुण्यस्मरणा'चा असतो. त्यावर डोक्यावर पदर घेतलेल्या म्हातारीचा आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो असतो. खाली कीर्तनकार महाराजांचं नाव, कीर्तनाची वेळ आणि महाप्रसादाचं निमंत्रण. मग मुलं, सुना, लेकी, जावई, नातवंडं, पतवंडं अशी नावांची रांग. तिच्याबद्दल मात्र एकच ओळ असते : प्रेमळ, कष्टाळू, धर्मपरायण. तिचं माहेर कोणतं, ती कधी जन्मली, आयुष्यभर नेमकं काय करत होती, यातलं काहीच त्यावर नसतं.

घरच्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. कर्ज काढून पंगत घालणारी लेकरं आईवर प्रेमच करत असतात. पण तिची माहिती घरात कुठं लिहून ठेवलेली नसते आणि ती सांगू शकणारी बाईच गेलेली असते. पत्नी, आई, आजी ही तीन नाती मागं उरतात, आणि त्या नात्यांत तिनं जे काम केलं ते तिच्याबरोबर जातं. हा लेख त्या कामाबद्दल आहे, आणि ते काम ज्या एका जागी खरोखर नोंदलं गेलं त्या जागेबद्दलही.

आज ऐंशीच्या आसपास असलेली या भागातली कुठलीही आजी घ्या. तिचा जन्म निजामाच्या राज्यातला. 17 सप्टेंबर 1948ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा ती पाळण्यात असेल किंवा नुकती चालायला लागलेली असेल. रझाकारांच्या धास्तीनं घरातल्या बायकांनी रात्री शेतात कशा काढल्या, हे तिनं आईच्या तोंडून ऐकलेलं असतं. जन्मतारीख विचारली तर ती सांगते, "तवा माझ्या थोरल्या भावाचं लगीन झालतं बघ." आधार कार्ड काढताना समोरच्यानं अंदाजे वर्ष धरून 1 जानेवारी टाकलेली असते. बालपणीच लग्न, मग सासरचं नाव, सासरचं आडनाव. माहेरचं नाव पुढं फक्त भावाच्या तोंडी उरतं.

मग 1972चा दुष्काळ येतो. त्या दुष्काळाविषयी पुस्तकांत जे लिहिलं गेलं ते बहुधा धान्याच्या, पाण्याच्या आणि सरकारी उपाययोजनांच्या अंगानं. सरकारी दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा आकडा 1973च्या उन्हाळ्यात 50 लाखांच्या जवळ पोचला होता. त्यात बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. खडी फोडणं, पाझर तलावाची माती वाहणं, नालाबंडिंग, रस्त्याचं मुरूमकाम. झाडाला झोळी बांधून तान्हं पोर त्यात टाकायचं आणि दिवसभर पाट्या टाकायच्या. खायला सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो. मिलोच्या भाकरीची चव सांगताना आजही या वयाच्या बायकांचं तोंड वाकडं होतं. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच अनुभवातून उभी राहिली, 1977मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढं देशभराच्या रोजगार हमी कायद्याला तिचाच दाखला मिळाला. मराठवाड्यातले कितीतरी पाझर तलाव आणि गावरस्ते या आज्यांच्या डोक्यावरून वाहिलेल्या मातीचे आहेत. त्यांच्या कडेला कुठं पाटी नाही.

बीड जिल्ह्याच्या आजीबद्दल लिहायचं आणि ऊसतोड टाळायची, हे होणार नाही. दसरा-दिवाळी झाली की इथली माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला मिळून, एका कोयत्याची. हिशेबाच्या वहीत नाव बहुतेक नवऱ्याचं. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात नवऱ्यानं तोडलेला ऊस साळते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते, आणि रात्री कोपीवर येऊन पुन्हा चूल पेटवते. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. 'पिशवी काढणं', म्हणजे गर्भाशय काढून टाकणं, हा शब्दप्रयोग या भागात इतका सहज का झाला, त्याचं मोठं कारण हे आहे. 2019मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा बायकांमागं एक. यातल्या अनेकजणी तेव्हाच कुणाच्या तरी आई होत्या, आता आज्या होत आहेत.

आणि जी आजी तोडीला जात नाही, ती गावात राहून काय करते? मुलगा-सून फडात गेले की नातवंडं तिच्याकडे राहतात. त्यांना शाळेत धाडायचं, तापात उशाशी बसायचं, शेळ्या सांभाळायच्या, राहिलेला कापूस वेचायचा, फोनवर "लेकरं बरी हायेत, तुम्ही काळजी करू नका" असं सांगायचं. लेकरांचं स्थलांतर थांबावं म्हणून सरकारनं हंगामी वसतिगृहांची योजना केली, तरी मूल खरं कुणाच्या भरवशावर मागं राहतं ते गाव जाणतं. बीड जिल्ह्यातून साखर कारखान्यांना जे मनुष्यबळ मिळतं, त्याच्या तळाशी ही बिनपगारी आजी आहे. तिला वजा केलं तर सून फडावर जाऊच शकत नाही. साखरेच्या अर्थकारणावर लिहिणाऱ्यांनी तिचं हे काम हिशेबात धरायला हवं होतं, असं मला कळकळीनं वाटतं.

कागदांची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि लेकींना मुलांबरोबरीनं वारस ठरवलं. महाराष्ट्रानं 1994मध्ये आणि केंद्रानं 2005मध्ये लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेतही जन्मतः हक्क दिला. शरद जोशी आणि शेतकरी संघटनेनं 1986मध्ये चांदवडला महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि पुढं 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांना आपणहून बायकोच्या नावे जमीन करायला लावली. तरीही गावात रीत अशी की नवरा वारल्यावर सातबाऱ्यावर आजीचं नाव वारस म्हणून लागतं, आणि लेकी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात, कारण भाऊ तुटायला नको. आयुष्यभर ज्या रानात राबली त्या रानाच्या उताऱ्यावर तिचं नाव अनेकदा वैधव्यातच पहिल्यांदा येतं.

आता आजीचं काम जिथं नोंदलं गेलं त्या जागेकडे, जात्यावरच्या ओव्यांकडे येतो.

सिरसाळ्याहून तेलगाव आणि तिथून माजलगाव. माजलगावच्या भीमनगर वस्तीत 1996मध्ये काही माणसं ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आली होती. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार, रंगूबाई पोटभरे अशा बायकांनी त्यांना ओव्या गाऊन दाखवल्या. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या, त्यांच्या पत्नी रमाईवरच्या, बुद्धावरच्या. जात्यावर एरवी राम-सीता आणि विठोबा-रखुमाई यायचे. या बायकांनी त्याच चालीत, त्याच दोन ओळींत आपली धम्माची वाट गुंफली होती. रमाई त्यांना जवळची वाटली यात नवल नाही. परदेशात शिकणाऱ्या नवऱ्याच्या मागं पोयबावाडीच्या चाळीत संसार ओढणारी, लेकरं गमावलेली, 27 मे 1935ला ऐन तरुण वयात गेलेली ही बाई. तिचं आयुष्य या बायकांनी पुस्तकातून वाचलं नव्हतं. दळताना एकमेकींना गाऊन पोचवलं होतं.

हे ध्वनिमुद्रण एका मोठ्या कामाचा भाग होतं. हेमा राईरकर आणि गी पॉटवँ हे दोघे पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेसचे अभ्यासक. मुळशीच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम करताना त्यांच्या ध्यानात आलं की सभेत न बोलणाऱ्या बायका जात्यावर सगळं बोलतात. तिथून त्यांनी ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढं बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक सामील झाले आणि सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण झालं. एकूण एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या. गी पॉटवँ 2004मध्ये गेले, हेमाताई 2010मध्ये. नंतर 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहानं हा ठेवा हाती घेतला आणि 2017पासून ओव्या मूळ आवाजासह लोकांपुढं येऊ लागल्या. जितेंद्र मैड, आशा ओगले, नमिता वाईकर यांच्यासारख्यांनी लिप्यंतराचं, अनुवादाचं किचकट काम केलं. जितेंद्र मैड यांच्याविषयी मला विशेष आदर आहे; बोलीतला एखादा शब्द कळेना तर मूळ बाईलाच गाठावं लागतं, आणि ते करणारी माणसं थोडी असतात.

याआधीही साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला होता, आणि ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातल्या बायकांच्या ओव्यांतून स्त्रीरचित रामकथा उभी केली. पण राईरकर-पॉटवँ यांच्या संग्रहात मला सर्वांत मोलाची वाटते ती प्रत्येक ओवीखालची नोंद. गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात. पुष्कळ ठिकाणी वय, मुलं किती, काम काय. 'लोकगीत' म्हटलं की ते कुणाचंच नसतं अशी आपली समजूत असते. इथं ते एका बाईचं आहे, तिच्या नावासकट आणि आवाजासकट. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे सीतेचा वनवास गातात तेव्हा तो सूर एका ठरावीक बाईच्या गळ्यातून आलेला आहे, हे ऐकणाऱ्याला विसरता येत नाही.

या ओव्यांत फ्लेक्सवर नसलेलं सगळं आहे. सासूनं काय बोललं, भाऊ दिवाळीला न्यायला आला की नाही, लेक सासरी जाताना कुठल्या शिवेपर्यंत दिसली, नवऱ्याचा राग, त्याच्या मागं आलेलं एकटेपण, नातवाचं पहिलं पाऊल. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एकीनं ओळ टाकली की दुसरी धरायची, आणि दळण संपेपर्यंत दोघींचं मन मोकळं व्हायचं. गावोगावी पिठाची गिरणी आली तेव्हा हातांची सुटका झाली. त्या श्रमाबद्दल हळहळण्याचा अधिकार दळण न दळलेल्या माणसाला नाही. पण गाण्याची जागा गेली. सुनांना ओव्या शिकवायला खुंट्याला धरलेला दुसरा हात लागायचा, तो उरला नाही. म्हणून आज सत्तरीच्या पुढच्या बायकांनाच त्या येतात, त्याही अर्ध्या.

1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव घालणं बंधनकारक केलं : आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. चांगला निर्णय आहे. सिरसाळ्यात यंदा जन्मलेल्या मुलीच्या दाखल्यावर तिची आई असेल. तिच्या पणजीसाठी मात्र घरच्यांनाच नोंद करायला बसावं लागेल, आणि ती बसायला असेपर्यंतच.

बसणाऱ्यांसाठी जुन्या संग्राहकांच्या पद्धतीतून घेण्यासारखं पुष्कळ आहे. साल विचारू नये, काम विचारावं. बहात्तरला कुठल्या तलावावर होतीस, कुणाच्या कोयत्यात कोण होतं, पहिलं बाळंतपण कुणी केलं, सुईण कोण होती, जगली-वाचली नाहीत ती लेकरं किती. हा शेवटचा प्रश्न कुटुंबं टाळतात, आणि बाईच्या मनात मात्र त्या लेकरांची नावं जिवंत असतात. माहेरचं नाव तिच्याच तोंडून वदवून घ्यावं. जवळपास तिच्या वयाची शेजारीण असेल तर तिलाही बसवावं, कारण एकटीला ओवी आठवत नाही. दुसरीनं पहिला शब्द टाकला की पुढची ओळ येते. मोबाईल मध्ये ठेवून द्यावा आणि मधे बोलू नये. नंतर वहीत उतरवताना तिच्या बोलीतला शब्द पुस्तकी करू नये. वर तिचं नाव लिहावं, दोन्हीकडचं, माहेरचं आणि सासरचं, मग गाव, तालुका, जिल्हा.