शिळं पाणी, हिरवं लॉन आणि मे महिन्याचा हिशेब

मे महिन्यात पाण्याची मागणी सगळ्यात जास्त आणि धरणातला साठा सगळ्यात कमी, हे आपल्याकडचं दरवर्षीचं गणित. मुंबईचे सात तलाव घ्या किंवा पुण्याची खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं घ्या, ती भरतात पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत, आणि तेवढ्यावर पुढचा जुलै गाठायचा असतो. कपातीची बातमी आली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणी वाचवण्याच्या सूचना सुरू होतात. त्यांतल्या बऱ्याचशा खोट्या नसतात, पण त्यांचा रोख चुकतो. जिथे पेलाभर वाचणार तिथे सगळे दक्ष असतात आणि जिथे पिंपभर वाहून जातं तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. सकाळी नळ आला की कालचं भरलेलं पाणी मोरीत ओतायचं आणि ‘ताजं’ भरायचं, ही सवय अजून असंख्य घरांत आहे. ज्या शहरात एक दिवसाआड पाणी येतं तिथेसुद्धा! पालिकेच्या पाण्यात क्लोरीन घातलेलं असतं आणि नळाच्या टोकापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावं, असं भारतीय मानक सांगतं. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात असं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. ते बिघडतं आपल्या हातांनी. पिंपात पेला बुडवताना बोटंही बुडतात, आणि जंतू तिथून शिरतात. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचं पिंप वापरलं की हा प्रश्न मिटतो. डेंग्यूची भीती खरी आहे, पण ती रोज पाणी ओतून जात नाही. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं: भांडी रिकामी करायची, आतून घासायची, कोरडी करायची. त्या दिवशी निघालेलं पाणीही लादी पुसायला किंवा झाडांना चालतं.

‘टपकणारा नळ म्हणजे सगळ्यात मोठी नासाडी’ हा समजही तपासून बघायला हवा. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाचे साधारण वीस लिटर जातात. वॉशर बदलायलाच हवा, यात शंका नाही. पण त्याच बाथरूममध्ये कमोडच्या मागच्या भिंतीवरून केसाइतकी पातळ धार उतरत असते. तिचा ना आवाज येतो, ना ती चटकन दिसते. मिनिटाला नुसतं 100 मिलिलिटर जरी गळत असलं तरी दिवसाला 144 लिटर होतात. भुयारी गटारं असलेल्या शहरात एका माणसाला दिवसभरासाठी 135 लिटर पाणी द्यावं, असा सरकारी निकष आहे. म्हणजे गळकी टाकी एका अख्ख्या माणसाच्या वाट्याचं पाणी पिते. तपासायला प्लंबर लागत नाही. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका आणि वीस मिनिटं कुणी फ्लश करू नका. रंग खाली भांड्यात उतरलेला दिसला तर आतलं रबर गेलं असं समजा. ते अगदी किरकोळ किमतीत मिळतं.

शॉवर आणि बादलीचा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पडतात आणि बादली पंधरा-वीस लिटरची असते. दोन मिनिटांत आंघोळ उरकणाऱ्याने खुशाल शॉवर घ्यावा.

आता अंगणाकडे येऊ, कारण मोठ्या सोसायट्यांत, बंगल्यांत आणि मंगल कार्यालयांत उन्हाळ्याचं पाणी खरं जातं ते इथे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कडक उन्हात हिरवळीला टवटवीत राहायला दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. सोसायटीचं लॉन 500 चौरस मीटरचं धरलं तर रोजचे अडीच हजार लिटर, म्हणजे वरच्या निकषाने अठरा माणसांचं पाणी. तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात हाच आकडा सव्वादोन लाख लिटरवर जातो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. जवळजवळ निम्मी गाडी एका लॉनवर! त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले, तेही मैदानांवर मारायच्या पाण्यावरूनच. तेव्हा अनेकांना तो निव्वळ देखावा वाटला होता. मला तो निर्णय योग्य वाटला. गवताला पिण्याचं पाणी द्यावं का, हा प्रश्न त्यामुळे निदान एकदा तरी चव्हाट्यावर आला.

‘पिवळं पडलं म्हणजे लॉन मेलं’ ही भीती पाण्याचा पाइप दिवसभर चालू ठेवायला लावते. हरळी, म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वा, पाणी तुटलं की वरची पानं सोडून देते आणि जमिनीखालच्या खोडांत जीव धरून राहते. हरळी काढता काढता नाकी नऊ आलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, ती मरता मरत नाही. पहिल्या दोन पावसांत ती पुन्हा हिरवी होते. नर्सरीतून आणलेलं नाजूक, गादीसारखं मेक्सिकन लॉन मात्र इतकं सोशीक नसतं. म्हणून नवं लॉन लावतानाच विचार केलेला बरा. लावणारच असाल तर पावसाळ्याच्या तोंडावर हरळी लावा, उन्हाळ्यात तिची कापणी जरा उंच ठेवा, म्हणजे मातीवर सावली राहते. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदाच मुरेल असं पाणी द्या. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरच्या वर रेंगाळतात आणि एक दिवस पाणी चुकलं की माना टाकतात.

दुपारी पाणी घातलं की पानांवरचे थेंब भिंगासारखे तापून पानं जाळतात, असं सर्रास सांगितलं जातं. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 च्या सुमारास हे तपासलं. गुळगुळीत पानांवर असं जळणं दिसलं नाही. थेंब वर तोलून धरणाऱ्या लवदार पानांच्या बाबतीतच तशी शक्यता आढळली. दुपारी पाणी घालू नये हे बरोबरच आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे: ऊन आणि वारा त्यातला बराच भाग मुळांपर्यंत पोचूच देत नाहीत. पहाटेची वेळ उत्तम. तशीच दुपारी मलूल झालेल्या झाडाची गोष्ट. मोठ्या पानांची झाडं ओल्या मातीतही दोनच्या उन्हात मान टाकतात, कारण मुळं पुरवतील त्याहून वेगाने पानांतून पाणी उडतं. संध्याकाळी ती आपोआप सावरतात. पाणी हवं की नको हे सकाळी ठरवावं. पेराएवढं बोट मातीत खुपसा, ओल लागली तर थांबा. कुंडीत आणि आळ्यात दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या पसरल्या की ओल कितीतरी जास्त टिकते. तो पाला जाळणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी झाडांना निर्धास्त द्या. एसीच्या नळीतून येतं ते हवेतलं बाष्प थंड होऊन झालेलं पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतात. पिऊ मात्र नका. आरओच्या बाहेर टाकलेल्या पाण्याचं उलटं असतं, त्यात क्षार साठलेले असतात. पण मुळात आरओ हवाच कशाला, हे विचारायला हवं. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी त्याच्या बरंच खाली असतं, त्यामुळे मुंबई-पुण्यात पालिकेच्या पाण्याला गाळणी आणि यूव्ही पुरेसं ठरतं. बोअरच्या क्षारट पाण्याला आरओ लागेल. मग बाहेर पडणारं पाणी फ्लशला आणि फरशीला वापरा.

‘बोअर आमची, तिला कपात कसली?’ हा युक्तिवाद सभांमध्ये हमखास होतो. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर, काळ्या पाषाणावर बसला आहे. त्यात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खाली कुठे तळं भरून ठेवलेलं नाही. आणखी दोनशे फूट खोल गेलं तर बहुतेकदा कोरडा दगडच लागतो, आणि भेग लागलीच तर ती शेजारच्या विहिरीपर्यंत पोचलेली असू शकते.

शेवटचा समज सगळ्यात अवघड, कारण त्यात तथ्य आहे: ‘उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी जातं, आमच्या दोन बादल्यांनी काय फरक पडणार?’ धरणाच्या पातळीवर फारसा पडणार नाही. उसाचा प्रश्न सिंचनाच्या धोरणातच सोडवावा लागेल, आणि तो टाळण्यासाठी शहरातल्या माणसाला बादल्या मोजायला लावणं मलाही पटत नाही. पण आपल्या गल्लीतली जलवाहिनी ठरावीक वेळच चालू असते. वरच्या सोसायटीची जमिनीतली टाकी भरली की फ्लोट व्हॉल्व्ह बंद होतो आणि दाब पुढे सरकतो. लॉन आणि गळके फ्लश यांच्यासाठी ती टाकी रोज रिकामी होत असेल, तर ती भरेपर्यंत पाण्याची वेळ संपून जाते. त्यात कुणी थेट नळाला मोटर लावली की वाहिनीतला दाब इतका उतरतो, की गळक्या सांध्यांतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. मग गल्लीच्या टोकाच्या चाळीत पाणी पोचत नाही, आणि पोचलंच तर गढूळ येतं.