गणित सुटतं, तेवढ्यात वारा सुटतो

कोलोरॅडोत ऑक्टोबरच्या मध्याला एल्क या मोठ्या हरणाचा रायफलवाल्यांसाठीचा हंगाम सुरू होतो आणि पाठोपाठ दरवर्षीचे व्हिडिओ यायला लागतात. दरीपलीकडे जेमतेम दिसणारा नर, अलीकडे पालथा पडलेला शिकारी, 'सातशे यार्ड' असा कुजबुजता आवाज आणि काही सेकंदांत बार. शिकार बरी की वाईट, यावर भरपूर लिहून झालं आहे. माझं लक्ष अडकतं ते त्या 'काही सेकंदां'पाशी. एवढा हिशोब इतक्या लवकर होतो कसा, आणि झाला तरी पुरतो का?

जुन्या पिढीने हिशोबच टाळला होता. 'आउटडोअर लाइफ' मासिकात वर्षानुवर्षं बंदुकांवर लिहिणारा जॅक ओकॉनर हा .२७० विंचेस्टर काडतुसाचा खंदा पुरस्कर्ता. त्याचा सल्ला असा, की गोळी शंभर यार्डांवर नेमापेक्षा तीन इंच वर लागेल अशी दुर्बीण बसवून घ्या. मग जवळपास तीनशे यार्डांपर्यंत गोळी नेमाच्या तीन-चार इंच वरखालीच राहते. एल्कचा काळीज-फुप्फुसांचा भाग जेवणाच्या ताटाएवढा, साधारण बारा इंच रुंद. त्याच्या मध्यावर नेम धरला की तेवढी चूक खपून जाते.

त्यापुढे मात्र गोळी झपाट्याने खाली येते. सध्या चलती असलेलं ६.५ क्रीडमूर काडतूस घ्या. १४३ ग्रेनची गोळी, नळीतून सुटताना सेकंदाला २७०० फूट वेग, शंभर यार्डांवर जुळवलेली दुर्बीण. पाचशे यार्डांवर ही गोळी साडेचार फुटांच्या आसपास खाली लागते. शिकाऱ्यांनी त्यावर तोंडी हिशोब बसवला आहे: अंतराच्या शेकड्यांतून दोन वजा करा, उरतील तेवढे मिल दुर्बिणीवर चढवा. पाचशेला तीन, सहाशेला चार. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग, पाचशे यार्डांवर अठरा इंच. अठरा त्रिक चोपन्न, म्हणजे बरोबर साडेचार फूट. बोट न मोडता उत्तर!

अर्थात हा निसर्गनियम नव्हे. गोळीचा वेग, तिचा आकार आणि हवेची घनता यांचा मेळ बसून आकडा सरळ पडला, इतकंच. दहा हजार फुटांवर हवा विरळ, अडथळा कमी, त्यामुळे गोळी कमी पडते आणि दोनापेक्षा थोडं जास्त वजा करावं लागतं. आपल्या रायफलचा आकडा ज्याने त्याने हंगामाआधी गोळ्या झाडून पक्का करायचा असतो. चढ-उताराचं अंतर तिरकं मोजून चालत नाही. तीस अंशांच्या उतारावरचे पाचशे यार्ड गोळीच्या घसरणीपुरते ४३३च धरायचे. हे काम लेझर रेंजफाइंडर आपणहून करतो.

वाऱ्यालाही असंच सूत्र आहे. ताशी सहा मैलांचा आडवा वारा असेल तर या गोळीसाठी दर शंभर यार्डांना ०.१ मिल बाजूला धरा. पाचशेला अर्धा मिल, नऊ इंच. सूत्र सुरेख आहे, पण त्यात घालायचा तो 'सहा' आणायचा कुठून? हातातलं वायुमापक शिकारी पडलाय तिथला वारा मोजतं; गोळी जाते दरीवरून. सकाळी उतार तापला की हवा वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते आणि मधल्या घळीत तिसरीकडेच वळते. पलीकडचं गवत किती वाकलंय, पाइनचे शेंडे हलतायत का, दुर्बिणीत दिसणारी उन्हाची झळ कुठे पळतेय, यावरून अंदाज बांधायचा. तो ताशी पाच मैलांनी चुकला की पाचशे यार्डांवर गोळी सात-साडेसात इंच बाजूला जाते. ताटाची कड मध्यापासून सहाच इंचांवर आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारात लक्ष्य अवघ्या पन्नास मीटरवर असतं. तरी मोकळ्या रेंजवर वाऱ्याचे झेंडे लावतात आणि कसलेले नेमबाज त्यांच्यावर डोळा ठेवून असतात. दरीत असा एकही झेंडा नसतो.

शिवाय एल्क चालतो. पाचशे यार्ड कापायला गोळीला ०.६ सेकंदांहून थोडा जास्तच वेळ लागतो. चरणाऱ्या नराने तेवढ्यात एक पाऊल पुढे टाकलं, की खांद्यामागे धरलेला नेम पोटावर जातो. ते पाऊल कुठल्याच यंत्राला आधी कळत नाही.

टेक्सासच्या ट्रॅकिंगपॉइंट कंपनीने २०१३च्या सुमारास हिशोब माणसाच्या हातून काढूनच घेतला. लक्ष्यावर खूण करा, चाप दाबून धरा. नेम जुळेपर्यंत संगणक गोळी सोडत नाही. २०१५ मध्ये रूना सँडविक आणि मायकेल ऑगर या संशोधकांनी वायफायवाटे त्या रायफलीत शिरून गोळीच्या वजनाचा आकडा बदलला आणि गोळी शेजारच्या लक्ष्यावर नेऊन बसवली. बातमी त्याची झाली. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की एवढ्या महागड्या रायफलीतही वाऱ्याचा आकडा माणसालाच भरावा लागत होता.

थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांब पल्ल्याच्या शिकारीला उघड विरोध केला आहे. इतक्या दुरून मारलं तर धोका ओळखायची प्राण्याची उपजत शक्तीच निकामी होते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, पण मला जाच होतो तो गोळी लागल्यानंतरच्या तासांचा. पोटात गोळी लागलेला एल्क जागेवर पडत नाही, झाडीत शिरतो. तो नेमका कुठे उभा होता हे शोधायला आधी दरी उतरायची, मग पलीकडची चढायची. तोवर उजेड जातो, बर्फ पडत असेल तर रक्ताचा माग बुजतो, आणि जनावर रात्रभर तडफडतं.

आयडाहोत रायफलवर किंवा तिच्या दुर्बिणीत इलेक्ट्रॉनिक उपकरण लावून मोठी शिकार करायला मनाई आहे. उजळणाऱ्या रेषांच्या दुर्बिणीपुरती सूट मिळते. हा नियम बाकीच्या राज्यांनीही घ्यावा. आणि रेंजफाइंडरने चारशेच्या वरचा आकडा दाखवला तर वजाबाकी करत बसू नये. उठावं, वारा तोंडावर घेत वळसा घालून जवळ सरकावं. एल्कचं नाक तिखट असतं. कळपातल्या एका मादीला वास लागला तरी सगळा कळप उठतो आणि अख्खी सकाळ वाया जाते. ती जाऊ द्यावी.