सुटी ओळ आणि तिचा वक्ता

एखाद्या रसिकाला त्याची आवडती कविता विचारली, तर तो बहुधा कवितेचे नाव सांगण्याऐवजी तिच्यातील एखादी ओळ म्हणून दाखवतो. पुष्कळदा तेवढी ओळच त्याच्यापाशी उरलेली असते. तिच्या मागची-पुढची कविता स्मरणातून केव्हाच गळून गेलेली असते. यास केवळ स्मरणशक्तीचा दुबळेपणा म्हणता येणार नाही. कविता ज्या वाटेने समाजात शिरते, त्या वाटेवर तिच्या ओळी सुट्या होणे अपरिहार्यच असते. विचार करण्याजोगे प्रश्न दोन आहेत: शेकडो ओळींतून एखादीच ओळ का टिकते, आणि सुटी झाल्यावर तिच्या अर्थाचे काय होते?

पहिल्या प्रश्नाला सामान्यतः नादाचे उत्तर दिले जाते. त्यात तथ्य आहे. मोठ्या अभंगाच्या रचनेत सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चार चरण असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. तो आखूड चौथा चरण ओळीला असा काही विसावा देतो की, ती एकदा ऐकली तरी जिभेवर बसते. शिवाय अभंगाचे ध्रुवपद गाताना पुनःपुन्हा आळवले जाते, आणि कीर्तनकार निरूपणाच्या ओघात अन्य अभंगांतील ओळी प्रमाण म्हणून उभ्या करतो. म्हणजे ओळ सुटी करण्याची आणि ती ठसवण्याची व्यवस्था परंपरेतच आहे. परंतु नादाने ओळ जिभेवर राहते. ती मनात का राहते, हे त्याने उलगडत नाही. ओळीत सर्वांना पटणारे सत्य असते म्हणून ती आवडते, हे दुसरे उत्तरही अपुरे आहे. सर्वांना पटणारी सत्ये बोधपर ग्रंथांत हवी तेवढी आढळतात, आणि ती वाचून विसरली जातात.

खरे कारण ओळीतील वक्त्याच्या स्थानात शोधले पाहिजे. जी ओळ मनात राहते, तिच्यात बोलणाऱ्याची जागा वाचकासाठी मोकळी असते. वाचक त्या जागी उभा राहतो आणि कवीचे शब्द स्वतःचे म्हणून उच्चारतो. जात्यावरच्या ओवीत ही गोष्ट उघड दिसते. भावाच्या कौतुकाची ओवी गावोगाव तीच असते. दळणारी प्रत्येक स्त्री तिच्यात आपल्या भावाचे नाव घालते. ओवी कोणी रचली हे तिला ठाऊक नसते; परंतु गाताना ती ओवी तिचीच असते.

वक्ता बदलला की अर्थ बदलतो, हे भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वीच ओळखले होते. हालाच्या ‘गाथासप्तशती’मधील महाराष्ट्री प्राकृतातील एक गाथा आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त उदाहरणादाखल घेतली आहे. एक स्त्री एका धार्मिक पुरुषाला सांगते की, त्याने आता खुशाल हिंडावे. ज्या कुत्र्याचे त्याला भय वाटे, त्याला गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारले आहे. शब्दांत अनुमती आहे, आशय मात्र निषेधाचा आहे. कुत्र्याला भिणारा पुरुष सिंहाच्या झाडीकडे फिरकणार नाही, आणि त्या स्त्रीचे संकेतस्थळ निर्वेध राहील. संकेतस्थळाचा गाथेत उच्चारही नाही. बोलणारी कोण आणि ऐकणारा कोण, हे कळल्यावाचून ती एक साधी वार्ता ठरते. पुढे मम्मटाने अर्थाच्या व्यंजकतेची कारणे सांगताना वक्ता आणि बोद्धव्य यांना अग्रस्थान दिले, आणि त्यांच्या पाठोपाठ काकू, प्रस्ताव, देश, काल इत्यादींची गणना केली. मुक्तकाच्या बाबतीत हे सारे रसिकाने स्वतःच कल्पावयाचे असते. मुक्तक त्याचसाठी रचलेले असते. अभंगातील किंवा कवितेतील ओळ मात्र सुटे होण्यासाठी रचलेली नसते. तिचा वक्ता आणि श्रोता मूळ रचनेत निश्चित असतात. ती सुटी झाली की तिचे शब्द तेच राहतात, पण ही दोन माणसे बदलतात.

तुकारामांचा लहानपणाच्या मागणीचा अभंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. भक्त देवाकडे स्वतःसाठी लहानपण मागतो. मुंगीच्या वाट्याला गोडी येते आणि थोर हत्तीला टोचणी सोसावी लागते, हे तो त्यासाठी दाखवून देतो. येथे वक्ता स्वतःविषयी बोलत आहे आणि ऐकणारा देव आहे. तुकाराम स्वतःस शूद्र म्हणवून घेत, आणि परंपरा सांगते की त्यांचा काव्यरचनेचा अधिकारच अमान्य करून त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावल्या होत्या. समाजाने ज्याला लहान ठरवले, त्याने लहानपण स्वतः होऊन मागावे, यात मान तुकवणे नाही. मोठेपणा वाटणाऱ्यांचा अधिकार नाकारणे आहे. हीच ओळ घरातला वडील माणूस मुलाला किंवा वरिष्ठ आपल्या हाताखालच्याला ऐकवतो, तेव्हा प्रार्थनेची आज्ञा होते. मागणारा नाहीसा होतो, देव नाहीसा होतो, आणि एकाने दुसऱ्याला नेमून दिलेले लहानपण तेवढे शिल्लक राहते. एक अक्षरही न बदलता ओळ उलटी झालेली असते.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या संसारावरील गीताचेही असेच झाले आहे. अक्षरओळख नसलेल्या या खानदेशी कवयित्रीची गाणी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यांतील ओळींना पाहता पाहता म्हणींचे रूप आले. भाकरी मिळण्याआधी तव्याने हात भाजतो, ही तिथली प्रतिमा ज्या हाताने तो चटका सोसला आहे त्या हाताची आहे. तिचे सामर्थ्य अनुभवाच्या साक्षीत आहे. परंतु सासरी निघालेल्या मुलीला तेवढीच ओळ ऐकवली, तर साक्षीची तंबी होते: चटके तिनेच सोसावयाचे आहेत. मूळ गीत मात्र तेथे थांबत नाही. ते संसाराला खोटा म्हणू देत नाही, त्याची कडू-गोड रूपे एकामागून एक दाखवते, आणि अखेरीस तो उभयतांनी मिळून करावयाचा व्यवहार आहे, येथवर येऊन पोचते. सुट्या ओळीत नेमका हा दुसरा जीव गळून पडतो.

कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेत हा फेरबदल अधिक सूक्ष्म आहे. पुराने घर धुऊन नेलेला एक जुना विद्यार्थी भर पावसात आपल्या शिक्षकाकडे येतो. शिक्षकाचा हात खिशाकडे जाताच तो हसत उठतो आणि पैसे नाकारून केवळ आधाराचा स्पर्श व उभारीचा एक शब्द मागतो. कवितेच्या शेवटच्या ओळीतला तो शब्द आज सभांतून आणि समारंभांतून आवाहन म्हणून वापरला जातो, जणू काही उंचावर उभे राहून कोणी खालच्यांना स्फुरण देत आहे. वस्तुतः तो शब्द शिक्षक कवितेत उच्चारीतच नाही. तो मागितला जातो, आणि मागणाऱ्याने पत्नीला सोबत घेऊन पडकी भिंत बांधावयास आधीच आरंभ केलेला असतो. ज्याचे सर्वस्व गेले त्याने आपल्याला काय हवे ते स्वतः ठरवावे, हे त्या कवितेचे मर्म आहे. आवाहनात ते हरवते.

या उदाहरणांवरून ओळी सुट्या करू नयेत, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. तसा निर्बंध असता, तर अभंग गाथेच्या बाडातच राहिला असता. दुःखात असलेला मनुष्य तुकारामांची ओळ स्वतःशी म्हणतो, किंवा चुलीपाशी बसलेली स्त्री बहिणाबाईंची ओळ आपल्या हाताकडे पाहून म्हणते, तेव्हा वक्ता बदलूनही अर्थ अभंग राहतो, कारण नवा वक्ता मूळ वक्त्याच्याच जागी उभा असतो. बिघाड होतो तो त्या जागेवरून ऐकणाऱ्याला हलवून तेथे सांगणारा बसतो तेव्हा.

आस्वादक समीक्षेचे एक साधे काम येथे दिसते. लोकप्रिय ओळीकडे तुच्छतेने पाहण्याचे किंवा तिची थोरवी पुन्हा एकदा वर्णन करण्याचे तिला कारण नाही. ती ओळ प्रथम कोण बोलले, कोणापाशी बोलले, आणि त्या वेळी त्याच्या हातात काय होते, एवढे तिने पुन्हा सांगावे. हे कळल्यावर वाचक ओळ सोडून देत नाही. मात्र ती दुसऱ्यास ऐकवण्यापूर्वी क्षणभर थांबतो.