पाय का घसरतो?

वहीच्या कोपऱ्यात एकामागून एक चित्रे काढून पाने भरभर सोडण्याचा खेळ तुम्ही केला असेलच. संगणकावरील खेळातला माणूस असाच चालतो. ठिपक्याठिपक्यांनी बनलेली त्याची लहान चित्रे आधीच काढून ठेवलेली असतात. अशा सुट्या चित्राला 'स्प्राइट' म्हणतात. ही चित्रे ठरलेल्या क्रमाने दाखवली, की आपल्याला हालचाल भासते.

हालचाल खरी वाटावी म्हणून आधी नीट पाहावे लागते. मित्राला भिंतीलगत सावकाश चालायला सांगा आणि बाजूने पाहा. दोन्ही पाय फाकून जमिनीला टेकतात, तेव्हा त्याचे डोके थोडे खाली येते. एक पाय सरळ उभा असून दुसरा त्याच्याजवळून पुढे जातो, तेव्हा डोके वर जाते. चित्रांत हा चढउतार नसेल, तर माणूस चाकांवर ठेवून ओढल्यासारखा दिसतो.

अमेरिकेतील जॉर्डन मेकनर यांनी हेच केले. 1985 साली त्यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले. मग एकेका क्षणाची आकृती गिरवून ती संगणकात उतरवली. त्यांचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ 1989 मध्ये निघाला. संगणकाची स्मृती इतकी अपुरी होती, की राजपुत्राचा छायारूपी शत्रूही त्याच्याच चित्रांतून बनवावा लागला!

आता खरी मेख पाहू. दोन पावलांची 8 चित्रे आहेत आणि त्यांत पाय 32 ठिपक्यांचे अंतर कापतात. मग दर चित्रागणिक माणूस किती सरकवावा? 32 भागिले 8, म्हणजे 4 ठिपके. घाईने 6 सरकवलात, तर तो 48 ठिपके पुढे जाईल. वरच्या 16 ठिपक्यांत पाय शेवाळावरून घसरल्यासारखा दिसेल.

करून पाहा. आलेखाच्या कागदाचे 8 सारखे तुकडे घ्या. प्रत्येकावर एकाच जागी 40 घरे उंचीचा काडीमाणूस काढा. टेकलेले पाऊल दर चित्रात 4 घरे मागे न्या. चार वेळा मागे गेले, की ते उचला आणि दुसरे टेकवा. तुकडे क्रमाने टाचून भरभर सोडा. माणूस लंगडला, तर कोणत्या चित्रात चूक आहे, ते तुमचे तुम्हीच शोधा!