राऊटरची फेरफार वही

मोठ्या कचेऱ्यांत दिसणाऱ्या सिस्कोच्या राऊटरच्या सूचना दोन स्मृतींत असतात. सध्याचा कारभार ज्या सूचनांवर चालतो त्या रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या. पुन्हा सुरू होताना ज्या वाचायच्या त्या एनव्हीरॅममध्ये, कायम टिकणाऱ्या. अभियंत्याने केलेला बदल आधी रॅममध्ये जातो आणि तिथल्या तिथे लागू होतो. तो कायम करायला 'राइट मेमरी' हा आदेश वेगळा द्यावा लागतो. द्यायचा राहिला तरी महिनोन्‌महिने काही बिघडत नाही. मग एखाद्या रात्री यूपीएस दगा देतो, राऊटर पुन्हा उठतो आणि सहा महिन्यांपूर्वीच्या सूचनांवर कामाला लागतो.

अशा बदलांची नोंद माणसाच्या आठवणीवर सोडून चालणार नाही, हे नेटवर्क सांभाळणाऱ्यांना १९९० च्या दशकातच कळलं होतं. त्या काळात आलेलं रॅन्सिड हे मुक्त सॉफ्टवेअर आजही वापरात आहे. त्याच्या पोटात जादू काही नाही. ठरल्या वेळी एकेका राऊटरमध्ये लॉगिन करायचं, 'शो रनिंग-कॉन्फिग' असा आदेश द्यायचा, येईल तो मजकूर फाइलमध्ये उतरवायचा आणि बाहेर पडायचं. गंमत आहे ती राऊटरशी बोलण्यात. समोर माणूसच बसला आहे असं तो धरून चालतो. पडदाभर मजकूर झाला की 'मोअर' म्हणून थांबतो आणि कुणी स्पेसबार दाबेल याची वाट बघतो. म्हणून स्क्रिप्ट आधी 'टर्मिनल लेन्थ ०' म्हणून त्याची ती सवय बंद करते. अशा प्रश्नोत्तरांसाठी रॅन्सिडने एक्स्पेक्टचा आधार घेतला. अमुक शब्द दिसला की तमुक टंकायचं, हेच एक्स्पेक्टचं काम. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत डॉन लिब्स यांनी ते १९९० च्या सुमारास तयार केलं. पुढे रॅन्सिडच्याच कामासाठी रुबी भाषेत लिहिलेलं ऑक्सिडाइज्ड आलं. त्याला शंभराहून अधिक प्रकारच्या उपकरणांशी बोलता येतं, आणि वेगळी वेळ ठरवून दिली नाही तर ते तासातासाला फेरी मारतं.

खरा फायदा मात्र नुसत्या प्रतीत नाही. प्रत गिट किंवा तशाच नोंदप्रणालीत जाते, तिथे आधीच्या प्रतीशी तिची ओळीओळीने तुलना होते आणि जेवढं बदललं तेवढंच वर येतं: वजा चिन्हाने गेलेली ओळ, अधिक चिन्हाने आलेली. तलाठ्याच्या दप्तरात सातबाऱ्याइतकीच फेरफाराची नोंद मोलाची असते, तसंच हे. 'काल दुपारपर्यंत चालत होतं' अशी तक्रार आली की पहिला प्रश्न एकच असतो, काल दुपारनंतर काय बदललं? ही वही उघडली की उत्तर मिनिटाभरात मिळतं. नाहीतर तीन जण तीन आठवणी सांगतात.

तुलना नेमकी हवी तर कचरा गाळावा लागतो. सिस्कोच्या जुन्या राऊटरांत 'एनटीपी क्लॉक-पीरियड' नावाची एक ओळ घड्याळ जुळवताना आपोआप बदलत राहायची. ती तशीच ठेवली तर दर फेरीला 'बदल झाला' असा मेल येणार, आणि रोजचे मेल चार दिवसांनी कुणी वाचत नाही. रॅन्सिड अशा ओळी वगळतं.

ही वही कुठे ठेवली आहे, हा प्रश्न कॅनडातल्या एका घटनेनंतर जास्तच टोचतो. ८ जुलै २०२२ च्या पहाटे रॉजर्स या दूरसंचार कंपनीच्या राऊटरांमधून एक फिल्टर काढला गेला. सात टप्प्यांच्या कामातला तो सहावा टप्पा होता. फिल्टर जाताच मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राऊटरांवर आदळला आणि ते कोलमडले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद पडली, देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार अडले, अनेकांना आपत्कालीन ९११ क्रमांकही लागेना. अभियंत्यांना राऊटरांच्या नोंदी बघायला सुमारे १४ तास लागले, कारण राऊटरांपर्यंत पोचायचा देखभालीचा रस्ताही त्याच कोलमडलेल्या नेटवर्कमधून जात होता. दूरच्या केंद्रांवरच्या कर्मचाऱ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून प्रतिस्पर्धी कंपन्यांची सिमकार्डं पाठवावी लागली. बॅकअपचा सर्व्हर अशाच एका रस्त्याच्या टोकाला असेल, तर ऐन गरजेच्या वेळी तो असून नसल्यासारखा.

दुसरी गोष्ट गुपितांची. कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे राऊटरच्या या सूचनांमध्ये, पासवर्ड, व्हीपीएनच्या चाव्या, आतल्या नेटवर्कचा नकाशा सगळंच असतं. सिस्कोचा 'टाइप ७' पासवर्ड दिसायला अगम्य, पण क्षणात उलगडतो. ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीसाठी १८ जुने राऊटर सेकंडहँड बाजारातून घेतले. त्यांतल्या नऊमध्ये आधीच्या मालक कंपन्यांची गोपनीय माहिती तशीच होती. बॅकअपच्या सर्व्हरवर तर एका जागी सगळ्याच राऊटरांचा ऐवज असतो. म्हणून ही साधनं पासवर्ड झाकून प्रत ठेवायची सोय देतात. पण झाकलेली प्रत नव्या राऊटरवर जशीच्या तशी चढत नाही. सुरक्षितता आणि सोय यांतलं काय किती सोडायचं, हे साधन ठरवत नाही.

न झाकलेली प्रतही पुरी असेलच असं नाही. आपल्याकडे गावोगावच्या इंटरनेट पुरवठादारांकडे दिसणाऱ्या मायक्रोटिकचंच घ्या. त्याच्या 'एक्स्पोर्ट'मध्ये लॉगिनचे पासवर्ड आणि प्रमाणपत्रं येतच नाहीत. वीज पडून राऊटर जळाला, तर नव्या राऊटरवर ती हातानेच भरावी लागतात. म्हणून सावध पुरवठादार कपाटात एक सुटा राऊटर ठेवतात आणि अधूनमधून ताजी प्रत त्याच्यावर चढवून, तो खरोखर चालतो का ते बघून घेतात.